ब्रांडटाउखर का बुडाली आणि आतले तिघे कसे वाचले: कील बंदर, १ फेब्रुवारी १८५१

१ फेब्रुवारी १८५१ च्या सकाळी उत्तर जर्मनीतल्या कील बंदरात ‘ब्रांडटाउखर’ ही लोखंडी पाणबुडी पाण्याखाली गेली आणि वर आलीच नाही. आत तिघे होते: बोटीचा रचनाकार विल्हेल्म बाउअर आणि त्याचे दोन साथीदार, विट आणि थॉमसन. काही तासांनी तिघेही जिवंत वर आले. बुडालेल्या पाणबुडीतून माणसं स्वतःच्या हिकमतीनं सुटल्याची ही पहिली नोंद. बोट मात्र छत्तीस वर्षं चिखलात पडून राहिली.

ही गोष्ट बहुधा धाडसाची म्हणून सांगितली जाते. धाडस होतंच. पण अपघाताचं कारण शोधायचं तर नजर बोटीच्या तळाकडे न्यावी लागते. “पत्रा पातळ होता, खोली झेपली नाही” हे नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. बोट हाताबाहेर गेली ती आत मोकळं फिरणाऱ्या पाण्यामुळे. खोलीनं नंतर उरलेलं काम केलं.

बोटीची गरज का पडली

१८४८ पासून श्लेस्विग-होल्श्टाइनचं, म्हणजे कील ज्यात येतं त्या प्रदेशाचं, डेन्मार्कशी युद्ध सुरू होतं. डॅनिश आरमारानं किनाऱ्याची नाकेबंदी केली होती आणि श्लेस्विग-होल्श्टाइनकडे तिला तोंड देईल असं आरमार नव्हतं. बाउअर मूळचा बव्हेरियाचा. १८२२ साली डॅन्यूबकाठच्या डिलिंगेन गावी जन्मलेला, हातात कातारी काम असलेला, तोफखान्यातला साधा हुद्देदार. जहाजबांधणीचं शिक्षण नाही, समुद्राशी लहानपणापासूनचा संबंध नाही. त्याची कल्पना अशी: पाण्याखालून शत्रूच्या नांगरलेल्या जहाजाखाली जायचं, बोटीच्या पुढच्या भागात बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून स्फोटकाचा डबा जहाजाच्या बुडाला लावायचा, दूर जायचं आणि विजेनं बार उडवायचा.

आधी छोटं नमुनारूप करून दाखवलं, मग खऱ्या बोटीला परवानगी मिळाली. पैसा तुटपुंजा होता आणि त्यातला काही सैन्यात गोळा केलेल्या वर्गणीचा. काम कीलच्या श्वेफेल आणि होवाल्ट या कारखान्यानं केलं. १८३८ मध्ये सुरू झालेला हा कारखाना यंत्रं आणि ओतकाम करणारा. पाण्याखालच्या कवचाचा अनुभव त्यालाच काय, तेव्हा कुणालाच नव्हता. डिसेंबर १८५० मध्ये बोट पाण्यात उतरली.

बोट कशी होती

लांबी आठ मीटरपेक्षा जरा जास्त, रुंदी दोन मीटर, पाण्याखाली विस्थापन, म्हणजे बाजूला सारलेलं पाणी, सुमारे तीस टन. आकार काहीसा सीलसारखा: पुढून फुगीर, मागे निमुळता, आणि बाजू बऱ्याच सपाट. इंजिन नव्हतंच. दोन माणसं मोठी चाकं हातापायांनी फिरवायची, दातेरी चाकांतून ती गती मागच्या पंख्याला मिळायची. तिसरा माणूस, म्हणजे बाउअर, पुढे बसून सुकाणू आणि झडपा सांभाळायचा. वेग कागदावर तीन नॉट. माणसं ताजीतवानी असेपर्यंत तेवढा मिळाला असता.

बोट पाण्यात समतोल ठेवण्यासाठी तळात लोखंडाचं वजन भरलं होतं. नाक वर-खाली करण्यासाठी सुमारे अर्ध्या टनाचं एक वजन स्क्रूच्या दांड्यावर पुढे-मागे सरकवता येत होतं. बुडी मारताना बाहेरचं पाणी आत घ्यायचं, वर येताना हातपंपानं ते बाहेर काढायचं.

पाणी आत कुठे घ्यायचं, इथेच घोडं पेंड खातं. बाउअरच्या मूळ आराखड्यात त्यासाठी वेगळ्या बंद टाक्या होत्या. खर्च कमी करताना त्या गेल्या. त्याच कपातीत पत्रा पातळ झाला आणि त्याला आतून आधार देणाऱ्या फासळ्याही कमी झाल्या. बोटीला झेपणारी खोली मूळ आराखड्यातल्या सुमारे ३० मीटरवरून ९.५ मीटरवर आली. पाणी आता थेट तळात, माणसांच्या पायांखालच्या फळ्यांखाली घ्यायचं ठरलं. हिशेब लिहिणाऱ्याला दोन्ही कपाती एकाच जातीच्या वाटल्या असतील, लोखंड वाचलं एवढंच. तशा त्या नव्हत्या. पातळ पत्र्यानं बोटीची खोलीची मर्यादा कमी झाली. ती मर्यादा पाळली तर बोट चालली असती. टाक्या गेल्यानं बोटीचा तोल गेला, आणि तो कोणत्याही खोलीवर गेलेलाच राहणार होता.

तोलाचा हिशेब

पृष्ठभागावरच्या जहाजाला लांबीच्या दिशेनं उलटणं जवळजवळ अशक्य असतं. नाक खाली गेलं की पुढचा भाग जास्त पाणी बाजूला सारतो आणि वर ढकलला जातो. बोट पूर्ण पाण्याखाली गेली की ही मदत संपते. मग तिला सरळ ठेवणारी एकच गोष्ट उरते: गुरुत्वमध्य (जिथे बोटीचं वजन एकवटतं तो बिंदू) उत्प्लावन-केंद्राच्या (जिथे पाण्याचा वर ढकलणारा जोर एकवटतो तो बिंदू) खाली किती आहे ते अंतर. एवढ्याशा बोटीत ते वीस-तीस सेंटिमीटर असलं तरी चांगलं म्हणायचं. आणि ते जेवढं आडव्या डोलण्याला पुरतं तेवढंच लांबीच्या दिशेलाही, एक इंच जास्त नाही.

आता तळात मोकळं पाणी घ्या. परातीत पाणी घेऊन चालताना परात जराशी कलली तरी सगळं पाणी त्या कडेला धावतं, तेच इथे होतं. त्याचा परिणाम गुरुत्वमध्य वर सरकल्यासारखा होतो. तो किती, हे पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून निघतं: रुंदी गुणिले लांबीचा घन, भागिले बारा, आणि त्याला बोटीच्या विस्थापनानं भागायचं. समजा तळातलं पाणी १.२ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब पसरलंय. १.२ गुणिले १२५ म्हणजे १५०. भागिले १२ म्हणजे १२.५, त्याला ३० घनमीटरनं भागलं की सुमारे ४२ सेंटिमीटर. तोलासाठी हाताशी २५ सेंटिमीटर, खर्च ४२. बोट आडवी ठेवणं मग कौशल्याचा प्रश्न राहतच नाही. ती एका टोकावर जाणारच.

ही मापं नमुन्यादाखल धरली आहेत, पण बोटीच्या आकाराला धरून आहेत आणि निष्कर्ष फारसा हलत नाही. आता त्याच तळात बोटीच्या रुंदीभर दोन उभे पडदे घालून लांबीचे तीन सारखे कप्पे करा. लांबीचा घन असल्यामुळे परिणाम नऊपट कमी होतो, ४२ चे साडेचार सेंटिमीटर होतात. दोन पत्रे आणि थोडे रिव्हेट, एवढ्यावर बोट वाचण्याची शक्यता निर्माण झाली असती. बंद टाकी काठोकाठ भरली तर परिणाम शून्यच. टाकी अर्धी ठेवू नये हा पाणबुडीवाल्यांचा नियम इथूनच येतो.

सरकत्या वजनानं हे सावरलं नसतं का? अर्धा टन दोन मीटर पुढे नेला तर कलवणारा जोर एक टन-मीटर (वजन गुणिले अंतर) मिळतो. दोन टन पाणी दोन मीटर मागे सरकलं तर चार टन-मीटर जातात. शिवाय स्क्रू फिरवायला वेळ लागतो, पाण्याला लागत नाही.

बुडी

आदल्या महिन्यातच श्लेस्विग-होल्श्टाइननं ऑस्ट्रिया-प्रशियाच्या दबावाखाली माघार घेतली होती. युद्ध संपल्यातच जमा होतं, तरी चाचणी घेण्यात आली. बाउअरला बोटीत सुधारणा हव्या होत्या, त्या मिळाल्या नव्हत्या. ठरलं ते जाहीर प्रात्यक्षिक. चाचणीची नेहमीची पद्धत म्हणजे आधी उथळ पाण्यात दोरीला बांधून, मग माणसांसह दोन-तीन मीटरवर, मग हळूहळू खाली. इथे पहिलीच खरी बुडी बंदराच्या खोल भागात, कवचाच्या मर्यादेपेक्षा जास्त पाण्यात घेतली गेली. तळ सुमारे १६ मीटरवर होता. बोट ९.५ मीटरसाठी. खाली तळच उथळ असता तर सगळं चुकलं असतं तरी बोट तिथे टेकली असती.

झडप उघडली, पाणी आत आलं, बोट जड झाली आणि मागचं टोक खाली गेलं. पाणी मागे धावलं. तळातलं लोखंडी वजनही जागेवरून घसरलं. वरच्या आकड्यांनी पाहिलं तर चार टन-मीटरचा धक्का अशा बोटीला तीस अंशांच्या आसपास कलवतो. आठ मीटर लांबीला तीस अंश म्हणजे मागचं टोक पुढच्यापेक्षा चार मीटर खाली. म्हणजे बाउअरच्या बैठकीपाशी खोली अजून मर्यादेत असताना शेपूट मर्यादा ओलांडून गेलेलं.

इथून पुढे खोली आपला हिस्सा घेते. १६ मीटरवर दर चौरस मीटरला १६ टन दाब. गोल नळीला हा दाब सगळीकडून सारखा बसतो आणि पत्रा फक्त आवळला जातो. सपाट बाजूला तो पत्र्याला फासळ्यांच्या मध्ये वाकवतो. फासळ्यांमधलं अंतर दुप्पट केलं तर वाकवणारा ताण चौपट होतो. पत्रा पातळ करणं आणि फासळ्या कमी करणं या दोन्ही कपाती एकत्र केल्या की परिणाम बेरजेत येत नाही, गुणाकारात येतो. बोटीची बाजू आत दबली, आतली चाकांची यंत्रणा जागेवरून उखडली, जोड सुटून पाणी येऊ लागलं. बाजू दबली म्हणजे आकारमान कमी झालं, म्हणजे उत्प्लावन आणखी घटलं. अशी बोट मध्येच थांबत नाही, तळापर्यंत जाते.

पंप का उपयोगी पडला नाही? १६ मीटरवर एक चौरस सेंटिमीटरच्या फटीतून पाणी सेकंदाला सुमारे १८ मीटर वेगानं शिरतं. प्रवाह आक्रसतो हे धरलं तरी सेकंदाला एक लिटर, तासाला जवळपास पावणेचार घनमीटर. एक लिटर पाणी त्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलायला सुमारे १५७ ज्यूल लागतात. माणूस सलग काम करताना ७५ वॅट देतो. हातपंपात त्यातला अर्धा वाया जातो असं धरलं तर सेकंदाला पाव लिटरही जेमतेम. नखाएवढ्या एका फटीला चार माणसं कमी पडतात. तिथे होते तीन, आणि फटी एकापेक्षा जास्त.

तळावरचे तास

हॅच, म्हणजे बाहेर पडायचं झाकण, बाहेर उघडणारी होती. तिच्यावर १६ मीटरचा दाब. अर्धा मीटर लांब-रुंद झाकण धरलं तरी चार टन. पहारीनंही ते हलत नाही. बाउअरनं इथे केलेला विचार हाच या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग आहे: आतला दाब बाहेरच्या इतका झाला तर झाकण आपोआप मोकळं होईल, आणि आतला दाब वाढवायचा एकच मार्ग म्हणजे पाणी आत येऊ द्यायचं.

बुडणाऱ्या बोटीत झडप उघडा असं सांगणारा माणूस वेडाच वाटणार. विट आणि थॉमसन यांना पटेना, वाद झाला. तिकडे पाणी आपलं काम करतच होतं, पण हळू. वर मदतीला आलेल्या होड्या साखळ्या आणि नांगर टाकून बोट पकडायचा प्रयत्न करत होत्या. त्याची भीती आतल्यांना जास्त होती, कारण एखादी साखळी हॅचवर अडकली किंवा नांगरानं काच फोडली तर सगळंच संपलं असतं.

गणित असं. १६ मीटरवर एकूण दाब वातावरणाच्या २.६ पट. आतली हवा तेवढी दाबायची तर तिचं आकारमान ३८ टक्क्यांवर आलं पाहिजे. म्हणजे आत २० घनमीटर हवा असेल तर सव्वाबारा घनमीटर पाणी घ्यायचं आणि पावणेआठ घनमीटर हवेत तिघांनी डोकी वर ठेवायची. बोट कललेली असल्यामुळे ही हवा उंच टोकाला, पुढे साठते. हॅच त्या हवेच्या भागात असणं हे नशीब. ती मागच्या टोकाला असती तर दाब सारखा होऊनही आधी पाण्याखाली बुडी मारून तिच्यापर्यंत जावं लागलं असतं.

वेळेचं गणित जास्त निर्दय आहे. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिघांचा पाच तासांचा हिशेब ३०० लिटर. २० घनमीटरमध्ये ते दीड टक्का होतं. डोकं जड होतं, पण माणूस भानावर राहतो. पण तीच हवा २.६ पट दाबली की शरीराला ते जवळपास चार टक्क्यांसारखं वाटतं. धाप लागते, डोकं ठणकतं, विचार मंदावतो. म्हणून दाब वाढवणं हे शेवटचं आणि झटपट करायचं काम असतं: आधी सगळं ठरवायचं, कोण कुठे उभा राहणार ते नक्की करायचं, मगच पाणी घ्यायचं. इथे उलट झालं, पाणी तासन्तास चढत राहिलं. शिवाय फेब्रुवारीतलं बाल्टिक समुद्राचं पाणी, गोठणबिंदूपासून फार दूर नसलेलं. त्यात कमरेपर्यंत उभं राहिलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत बधिर होतात, आणि बधिर हातांना झडपेची मूठ फिरवता येत नाही.

शेवटी दाब जुळला, झाकण उघडलं आणि कोंडलेली हवा तिघांना सोबत घेऊन वर गेली. दाबाखालची हवा फुप्फुसात घेऊन वर येताना ती २.६ पट फुगते. श्वास रोखून ठेवला तर फुप्फुस फाटतं. तोंडानं सतत हवा सोडत यावं लागतं. हे तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं. तिघेही वाचले.

नंतर

बोट काढायचे लगेचचे प्रयत्न फसले. बाउअर पुढे ऑस्ट्रिया, इंग्लंड असं फिरत रशियात पोचला. तिथे त्यानं जवळपास दुप्पट लांबीची ‘झे-टॉयफेल’ ही पाणबुडी बांधली आणि तिच्यातून शंभरावर बुड्या यशस्वी केल्या, यावरून माणूस शिकला होता हे दिसतं. १८६३ मध्ये त्यानं बोडेन सरोवरात बुडालेलं ‘लुडविग’ हे वाफेचं जहाज हवेच्या फुग्यांनी वर काढलं. १८७५ मध्ये म्युनिकला तो वारला.

ब्रांडटाउखर १८८७ च्या जुलैत वर आली, तीही टॉर्पेडो-बोटींच्या बंदरासाठी गाळ काढताना सापडली म्हणून. आधी कील, मग बर्लिन. १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीत रोस्टॉकला तिची डागडुजी झाली आणि आता ती ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे.

जर्मन नौदलाची पहिली नियमित पाणबुडी यू-१ सुद्धा कीललाच, पण गेर्मानियावेर्फ्ट या वेगळ्या कारखान्यात झाली. ४ ऑगस्ट १९०६ ला ती पाण्यात उतरली. ४२ मीटर लांब, पृष्ठभागावर २३८ टन. तिचं पाणी दोन कवचांच्या मधल्या टाक्यांत जात होतं, माणसांच्या खोलीत नाही. तोलाचा प्रश्न सुटला होता. आत पाणी शिरायच्या वाटा मात्र राहिल्याच. १७ जानेवारी १९११ ला कीलजवळ यू-३ बुडाली ती हवेच्या नळीची झडप बंद न झाल्यामुळे. तरंगत्या क्रेननी पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं आणि पंचवीसहून अधिक जणांना टॉर्पेडोच्या नळीतून बाहेर काढलं. मनोऱ्यात अडकलेले तिघे, त्यांत कप्तान फिशर, मेले. पाणबुड्या उचलण्यासाठीच बांधलेलं ‘व्हुल्कान’ जहाज तोवर नौदलाकडे होतं, पण बोट वर यायला त्यांच्या हवेपेक्षा जास्त वेळ लागला.

ब्रांडटाउखर बांधणारा होवाल्टचा कारखाना वाढत वाढत पुढे एचडीडब्ल्यू (होवाल्ट्सवेर्के-डॉइचे वेर्फ्ट) झाला. डिसेंबर १९८१ च्या करारानुसार भारतीय नौदलाच्या शिशुमार आणि शंकुश या पाणबुड्या त्यानंच कीलला बांधल्या. त्याच आराखड्याच्या शल्की आणि शंकुल मुंबईत माझगाव डॉकमध्ये झाल्या. या चारही बोटींत पोलादी सुटका-गोल बसवलेला आहे. त्यात चाळीस माणसांचा सगळा ताफा मावतो, मुख्य कवचाइतका दाब तो सोसतो, आणि आत आठ तासांचा प्राणवायू असतो. माणसांना १६ मीटरचं पाणी आत घ्यावं लागत नाही आणि वर येताना त्यांच्यावर दाबही चढत नाही. अट एकच, बोटीच्या दोन्ही भागांतल्या माणसांनी गोलाचं दार लागण्याआधी आत पोचलं पाहिजे.